टाकीत तीन शेपट्यांच्या अळ्या, आणि मॉलीची पिल्लं रोज कमी होताहेत

कृष्णाकाठची | २४ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरी माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण ५० लिटरची. काळ्या मॉली ५, प्लॅटी ४ आणि तळाला थोडी चेरी कोळंबी. ८ सप्टेंबरला एका मॉलीने पिल्लं दिली. मुलगा तिसरीत आहे, त्याने वहीत आकडा लिहून ठेवला : २६. मोठे मासे पिल्लं खातात हे माहीत होतं, म्हणून लपायला हायड्रिला ही पाणवनस्पती भरपूर ठेवली होती. पहिले चार-पाच दिवस आकडा २२-२३ वर टिकला. मग रोज एक-दोन कमी व्हायला लागली. आज ११ आहेत. मेलेलं पिल्लू एकदाही तरंगताना दिसलं नाही, फिल्टरच्या स्पंजलाही चिकटलेलं नाही.

आज टाकीचा लाइट बंद केल्यावर मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. हायड्रिलाच्या दांडीवर एक काडी होती आणि ती काडी चालत होती. हिरवट तपकिरी, पाऊण इंच लांब. सहाही पाय पुढच्या बाजूला, डोकं रुंद, डोळे दोन टोकांना. शेपटीला तीन पातळ पानं, चिंचेच्या पानाएवढी. मी बघत असतानाच एक पिल्लू तिच्या समोरून गेलं, तिच्या हनुवटीखालून काहीतरी झटकन पुढे आलं आणि पिल्लू आत ओढलं गेलं. मुलगा शेजारीच उभा होता. तो रडायला लागला. मलाही फार वाईट वाटलं.

अजून शोधल्यावर आणखी दोन दिसल्या. ऑगस्टच्या मध्यावर मी दोन ठिकाणांहून वनस्पती आणल्या होत्या : तासगावजवळ माहेरच्या मळ्यातल्या विहिरीतून हायड्रिला, आणि इथल्या एका दुकानातून कुंडीतली वॅलिसनेरिया. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, निळं औषध मिळतं ते टाका, सगळे किडे मरतात. टाकू का? आणि मी हात घालून टाकी साफ करते, मुलगाही हात घालतो. या चावतात का?

काचघर | २४ सप्टेंबर, रात्री ११:५८

ताई, औषध टाकू नका! आज रात्री तर नकोच.

निळं म्हणजे तांबं असलेलं असू शकतं. माझ्याकडे गोगलगाई झाल्या होत्या तेव्हा एका दुकानातून असंच घेऊन टाकलं होतं. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते, मीही विचारलं नाही. सकाळी ४० च्या आसपास कोळंबी आडवी पडलेली. गोगलगाई काही मेल्या, काही तशाच. तांबं वाळूत आणि दगडांत बसून राहतं, नुसतं पाणी बदलून लगेच जात नाही. पुढे दोनदा कोळंबी आणून बघितली, टिकली नाही. शेवटी सगळी वाळू काढून टाकली.

तुमची अळी कसली ते आधी नक्की होऊ द्या. इथे एक सातारच्या ताई आहेत, त्या सांगतील.

निळी_टाचणी | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

काचघरने बोलावलंय ती मीच. तुम्ही इतकं नीट वर्णन केलंय की फोटोची गरज पडली नाही. ही टाचणीची अळी आहे. चतुर माहीत असेल, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात. टाचणी ही त्याचीच बारीक बहीण. बसताना चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून बसते. दोघांचंही लहानपण पाण्यात जातं आणि दोघांनाही कोष नसतो. अळी कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटी पाण्याबाहेर काडीवर चढून थेट पंखवाली बाहेर पडते.

शेपटीची ती तीन पानं म्हणजे तिचे कल्ले. पोहतानाही ती त्यांचाच वल्ह्यासारखा उपयोग करते. एखादं पान तुटलं तरी मरत नाही, पुढच्या काती टाकताना पुन्हा वाढतं. चतुराच्या अळीला अशी पानं नसतात. ती आखूड आणि जाड असते, पोटाच्या मागच्या टोकातून पाणी आत घेऊन तिथेच श्वास घेते, आणि घाबरली की तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सटकते. तिसरी एक अळी लोकांना चकवते : तिलाही तीन शेपट्या असतात, पण दोऱ्यासारख्या बारीक, आणि कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना हलताना दिसतात. ती मेफ्लायची. ती शेवाळ आणि कुजलेला पाला खाते, माशांच्या पिल्लांना तिच्यापासून काही धोका नाही. म्हणून म्हणते, तीन शेपट्या दिसल्या की आधी पानं आहेत की दोरे, ते बघा.

हनुवटीखालून जे पुढे आलं तो तिचा खालचा ओठ. आपण कोपर दुमडून हात छातीशी धरतो तसा तो डोक्याखाली दुमडलेला असतो. टोकाला दोन आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की पापणी लवायच्या आत सरळ होतो आणि पकडून परत येतो. डासांच्या अळ्या, पाणपिसवा, छोटे किडे हे तिचं रोजचं खाणं. मॉलीचं चार दिवसांचं पिल्लू तिला डासाच्या अळीसारखंच.

माणसाला टाचणीच्या अळीकडून काहीही होत नाही. विष नाही, डंख नाही. चतुराची मोठी अळी मुठीत धरली तर चिमटा काढू शकते, तेवढंच. मुलाला हात घालू दे.

अजिंक्यतारा७ | २५ सप्टेंबर, सकाळी ९:१५

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण अळीचाच आहे म्हणून इथे विचारतो. साताऱ्यात राहतो. गोल्डफिशच्या टाकीचा फिल्टर धुताना गाळात लाल भडक अळ्या निघाल्या, अर्धा इंच, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळवळतात. आईने बघितल्या आणि म्हणाली, हा नारू आहे, टाकी घराबाहेर काढ. ती ऐकायला तयार नाही.

आजोबा_माधवनगर | २५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

आईंना सांगा की नारू नाही, आणि त्यांना वेड्यात काढू नका. आमच्या लहानपणी नारू ही खरी दहशत होती. पायविहिरीत माणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायची, नारूच्या जखमेतून त्याची पिल्लं पाण्यात जायची, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक जीव ती गिळायचा आणि ते पाणी प्यायलं की वर्षाने दुसऱ्याच्या पायातून पांढरा दोरा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. आमच्या चुलत्यांचा असा काढलेला मी स्वतः पाहिलाय.

भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त जाहीर केला. विहिरींना कठडे बांधले, पायविहिरी बंद केल्या, पाणी कापडाने गाळून प्यायची सवय लावली. लस नाही, औषध नाही, मुख्यतः एवढ्यावरच तो गेला. नारू पांढरा असतो, हात-दीड हात लांब, आणि फिल्टरच्या गाळात राहत नाही. आईंना हे शांतपणे सांगा, पटेल.

निळी_टाचणी | २५ सप्टेंबर, दुपारी १:०५

आजोबा, आभार. अजिंक्यतारा, तुमच्या लाल अळ्या म्हणजे दुकानात ब्लडवर्म म्हणून गोठवून विकतात त्याच. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तेच. गाळात ऑक्सिजन कमी असतो, तिथे जगायला ते उपयोगी पडतं. तुमचे गोल्डफिश आवडीने खातील. फक्त त्या खूप झाल्या म्हणजे तळाला गाळ आणि उरलेलं खाणं साचलंय. सायफन लावून तळ साफ करा, खाणं कमी करा.

काचघर | २५ सप्टेंबर, दुपारी १:३०

+१. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. बहुतेकांच्या अडचणी तिथेच सुरू होतात.

तासगावचा_मळा | २५ सप्टेंबर, रात्री ८:२०

ताई, माझी द्राक्षबाग आहे म्हणून एक सांगतो. विहिरीतली वनस्पती आणायची तर फवारणीचे दिवस टाळा. आता ऑक्टोबरची फळछाटणी सुरू होईल, मग केवडा या बुरशीचं, फुलकिड्यांचं औषध फवारणं एकामागून एक चालू. वाऱ्याने, पावसाने विहिरीत किती उतरतं आपल्याला दिसत नाही. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना अगदी थेंबाथेंबाने मारतात, कोळंबीला तर त्याहून लवकर. घरात टाकी असेल तर डासांचा स्प्रे मारतानासुद्धा हवेचा पंप बंद करून टाकी झाकून घ्या. त्यात तेच असतं, आणि पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. माझ्या भाच्याचे फायटर मासे असेच गेले. स्प्रे शेजारच्या खोलीत मारला होता.

निळी_टाचणी | २५ सप्टेंबर, रात्री ९:१०

हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

कृष्णाकाठची, काढायच्या कशा ते सांगते. वनस्पती एकेक करून बाहेर घ्या आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या टबात हळू खळबळा. कपडा पिळायचा नाही, नुसता पाण्यातून ओढायचा, तसं. अळ्या सुटून खाली बसतात आणि पांढऱ्यावर लगेच दिसतात. रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा, त्या तेव्हा शिकारीला वर येतात. चहाची गाळणी जाळीपेक्षा बरी, कडक असते आणि पानात अडकत नाही.

एका दिवसात संपणार नाहीत. टाचणीची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, वनस्पतीच्या दांडीला चीर पाडून आत खुपसते. म्हणूनच पोटॅशियम परमँगनेट किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून काढलेल्या वनस्पतीतूनही ती वाचू शकतात. चालत्या अळ्या मरतात, आतली अंडी मरतीलच असं नाही. अंडी फुटायला साधारण आठवडा ते तीन आठवडे. तेव्हा दर चार दिवसांनी खळबळणं, महिनाभर. पुढच्या वेळी नवी वनस्पती महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवा, मगच टाकीत. पिल्लं तोवर दुसऱ्या भांड्यात काढा, जावा मॉसचा एक झुबका धुऊन बघून घाला.

कृष्णाकाठची | २७ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुट्टी घेतली. मुलगा आणि मी मिळून सगळी हायड्रिला टबात खळबळली. ७ निघाल्या! सगळ्यात मोठी पाऊण इंच, सगळ्यात लहान तांदळाच्या दाण्याएवढी. ती लहान इतकी पारदर्शक होती की पोटातला काळा ठिपका बाहेरून दिसत होता. एकीला दोनच पानं होती. मुलाने लगेच सांगितलं, तिसरं येणार आहे, त्या ताईंनी लिहिलंय.

पिल्लं ९ उरली. ती आता काचेच्या बरणीत आहेत.

अळ्या एका वाडग्यात ठेवल्यात. मारायला हात होत नाही. परवा रडणारा मुलगाच आता म्हणतो, त्यांनाही भूक लागली होती. इथून जवळ काळी खण नावाचं तळं आहे, तिथे सोडू का?

काचघर | २७ सप्टेंबर, रात्री १०:४०

माझं मत, सोडू नका. तुमची एक वनस्पती दुकानातून आलीय. ती कुठल्या राज्यातल्या, कुठल्या देशातल्या नर्सरीतून आली ते दुकानदारालाही माहीत नसतं. टाकीतलं काहीही, मासा असो, गोगलगाय असो, पाणी असो, बाहेरच्या पाण्यात जाता कामा नये. सकरफिश लोकांनी असेच "मोठा झाला, सोडून देऊ" म्हणून सोडले आणि आज देशभरच्या नद्या-तलावांत ते जाळ्यात येतात. कोळ्यांची जाळी फाडतात आणि त्यांना कोणी विकत घेत नाही. टाचणीची अळी लहान आहे म्हणून नियम बदलत नाही.

आजोबा_माधवनगर | २८ सप्टेंबर, सकाळी ७:००

काचघर, तत्त्व मान्य. पण मुलाला दया शिकवायची आणि मग अळ्या बेसिनमध्ये ओतायच्या, हे मला जमलं नसतं.

निळी_टाचणी | २८ सप्टेंबर, सकाळी ७:४५

आजोबांचं म्हणणं मला पोचलं, पण या बाबतीत मी काचघरच्या बाजूने आहे. टाचणी परकी आहे की आपली हे अळीवरून ओळखणं मलाही अवघड जातं. कुठून आली ते कळलं तर प्रश्न सुटतो. विहिरीतली हायड्रिला सगळी टाकीतच घातली होती का?

कृष्णाकाठची | २८ सप्टेंबर, सकाळी ८:३०

नाही! अर्धी गच्चीवर बादलीत पडून आहे, ऑगस्टपासून. विसरलेच होते. दुकानातलं काहीही त्यात गेलेलं नाही. संध्याकाळी बघते.

कृष्णाकाठची | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

बादलीतून १४ निघाल्या. अगदी तशाच, तीन पानांच्या. म्हणजे विहिरीतूनच आल्या.

आणखी एक गोष्ट दिसली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बादली दीड महिना उघडी आहे, पावसाचं पाणी काठोकाठ. तिच्यात डासाची एक अळी नाही. दोन हातांवर तुळशीच्या कुंडीखालची ताटली आहे, तिच्यात डासाच्या अळ्या नुसत्या बुजबुजलेल्या. एकच गच्ची, एकच पाऊस. मी ताटली लगेच उपडी केली, पण आधी मुलाला दोन्ही शेजारी शेजारी दाखवलं.

शिंपला | २८ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी आशा सेविका आहे, आमच्या भागात दर आठवड्याला कंटेनर सर्व्हेला, म्हणजे साठलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या आहेत का ते बघायला फिरते. ताई, ताटली उपडी केलीत हे उत्तम, आता आतून घासूनही घ्या. डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर चिकटवतो. ती कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो.

आणि कळकळीने सांगते, टाचण्या आहेत म्हणून बादली उघडी ठेवू नका. अळ्या मोठ्या होऊन उडून जातात, तुम्हाला कळतही नाही, आणि मधल्या आठ दिवसांत डास निघतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इथे घराघरांत कुंड्या, टायर, फुटके माठ पाण्याने भरलेले होते. तेव्हाची धावपळ आम्ही अजून विसरलो नाही. विहिरीतली टाचणी विहिरीचं काम करते. गच्चीवरचं पाणी ओतायचं काम आपलं.

अजिंक्यतारा७ | २८ सप्टेंबर, रात्री १०:०५

आईला आजोबांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिच्या आजोळी नारू होता, तिने आज पहिल्यांदा त्याबद्दल सांगितलं. टाकी घरातच आहे.

एक विचारू? हल्ली संध्याकाळी मैदानावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे दिसतात. त्यांच्याही अळ्या टाकीत येतात का?

निळी_टाचणी | २९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

आईंचं ऐकून फार बरं वाटलं.

ते थवे बहुधा भटक्या चतुराचे, पँटाला फ्लॅव्हेसेन्स. पावसाच्या साचलेल्या डबक्यात अंडी घालतो आणि डबकं आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत, अळीचा चतुर होतो. घरातल्या टाकीत तो यायची शक्यता कमी, गच्चीवरच्या उघड्या टाकीत किंवा कमळाच्या टबात येऊ शकतो. चार्ल्स अँडरसन हे मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ. तिथे गोड्या पाण्याचे साठे जवळजवळ नाहीत, तरी दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. हे चतुर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं त्यांनी २००९ साली मांडलं. आपल्या मैदानावर दिसणारे त्याच जातीचे. सध्या मी रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्यासाठी बाहेर उभी राहते.

कृष्णाकाठची, तुमच्या २१ अळ्या त्याच विहिरीत परत सोडायला माझी हरकत नाही. नुसत्या अळ्या न्या, गाळणीत घेऊन विहिरीच्याच पाण्यात खळबळून. टाकीचं पाणी आणि टाकीतली वनस्पती न्यायची नाही, त्यात आता गोगलगाईची, कशाकशाची अंडी असतील. तोवर बादलीतच ठेवा, वरून मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, एक काडी तिरकी उभी करा.

काचघर | २९ सप्टेंबर, सकाळी ९:००

स्रोत कळला, त्याच विहिरीत जाताहेत, मग माझीही हरकत नाही.

कृष्णाकाठची | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

उशिरा लिहितेय, माहेरी जाऊन आले. टाकी आजवर पाच वेळा खळबळली. दुसऱ्या वेळी ३, तिसऱ्या वेळी १ तांदळाएवढी, पुढच्या दोन्ही वेळी काही नाही. बरणीतली ९ पैकी ९ पिल्लं आहेत, दोन आता काळी व्हायला लागलीत. आणखी दोन आठवडे त्यांना बरणीतच ठेवते. टाकीचं बदललेलं पाणी कुंड्यांना घालते, गटारात नाही.

बादलीत मोजल्या तर २५ पैकी १९ होत्या. काही एकमेकींनी खाल्ल्या असाव्यात, एकत्र ठेवायला नको होत्या. भाऊ विहिरीच्या पायरीवर उतरला आणि मुलाने वरून गाळणी दिली. काडीवर पाण्याच्या वर बोटभर एक रिकामी कात चिकटलेली सापडली, पाय तसेच काडीला धरलेले. कापडाखाली टाचणी मात्र नव्हती, एका बाजूला गाठ सैल झाली होती. मुलाने ती कात काड्यापेटीत कापूस घालून ठेवलीय, उद्या शाळेत नेणार आहे.

निळी_टाचणी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

पेटीत बंद करण्याआधी दोन दिवस सावलीत वाळू दे, नाहीतर बुरशी येते. शाळेत सोमवारी नेली तरी चालेल. आणि त्याला भिंगातून पाठीवरची चीर बघायला सांगा. तिच्यातून बारीक पांढरे धागे बाहेर लोंबत असतील. ते तिच्या श्वासनळ्यांचं आतलं अस्तर. कातीबरोबर तेही निघून येतं.